विकिपीडियावर पानाचं नाव बदलून हवंय? मग प्रचालक नेमकं काय बघतात ते आधी समजून घ्या

मराठी विकिपीडियावर नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कुठल्या ना कुठल्या पानाचं नाव खटकतं. आपल्याच गावाचं नाव चुकलेलं असतं, कुणाच्या नावातली वेलांटी ऱ्हस्व पडलेली असते, शहराचं नाव सरकारने बदललं तरी पान जुन्याच नावाने दिसतं. मग तो 'संपादन' दाबतो, आत शिरतो, सगळा मजकूर बदलता येतो पण वरचं मोठ्या अक्षरातलं नाव काही हलत नाही. इथे बरेच जण वैतागतात आणि चर्चा पानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या बोलायच्या पानावर, "हे नाव चुकीचं आहे, ताबडतोब बदला" एवढंच लिहून निघून जातात. अशा एका ओळीच्या विनंत्या महिनोन्महिने पडून राहतात, कारण ती ओळ वाचून प्रचालकाला, म्हणजे जास्तीचे अधिकार असलेल्या सदस्याला, करता येईल असं काहीच त्यात नसतं. म्हणून हा लेख. विनंती कशी करायची ते सांगतोच, पण त्याआधी पलीकडे बसलेला माणूस काय तपासतो ते सांगतो, ते एकदा कळलं की विनंती आपोआप नीट लिहिली जाते.

नाव म्हणजे पत्ता

विकिपीडियावर पानाचं शीर्षक हाच त्याचा पत्ता. म्हणून नाव बदलण्याला तिथे नामांतर म्हणत नाहीत, 'स्थानांतरण' म्हणतात, म्हणजे पान एका पत्त्यावरून उचलून दुसऱ्या पत्त्यावर नेणं. पान हललं की त्याच्यासोबत त्याचा सगळा इतिहास जातो, म्हणजे पहिल्या दिवसापासून कुणी काय लिहिलं, कुणी काय खोडलं ते सगळं. चर्चा पानही सोबत जातं. आणि जुन्या पत्त्यावर एक पाटी उरते, तिला पुनर्निर्देशन म्हणतात, जुन्या नावाने कुणी आलं तर ती पाटी त्याला गुपचूप नव्या पानावर नेऊन सोडते. बऱ्याच जणांना वाटतं की नाव बदललं म्हणजे जुनं नाव पुसलं गेलं, तसं अजिबात होत नाही, आणि वादाच्या नावांच्या बाबतीत ही गोष्ट दोन्ही बाजूंना शांतपणे सांगितली तर अर्धी गरमी तिथेच उतरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन नावाचं पान उघडून त्यात जुन्या पानाचा मजकूर कॉपी-पेस्ट करू नका. हे मी स्वतः केलेलं आहे. सुरुवातीच्या काळात एका गावाचं पान 'गांव' असं अनुस्वाराने होतं, मला ते बघवेना, स्थानांतरण म्हणजे काय हे माहीत नव्हतं, म्हणून मी नवं पान काढलं, सगळा मजकूर उचलून तिथे टाकला आणि जुनं पान रिकामं केलं. काम मस्त झालं असं मला वाटलं. दोन दिवसांनी एका जुन्या सदस्याने माझ्या चर्चा पानावर फार सौम्यपणे विचारलं, की नव्या पानाच्या इतिहासात सगळा लेख तुम्ही एकट्याने एका मिनिटात लिहिलाय असं दिसतंय, बाकीच्यांचं काय? तेव्हा मला धस्स झालं. त्या पानावर पंधरा-वीस जणांनी कित्येक वर्षं थोडं थोडं लिहिलेलं होतं, कुणी शाळेची माहिती घातलेली, कुणी जत्रेची, आणि मी त्यांची नावं एका फटक्यात पुसून टाकली होती. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली असतो त्यात लिहिणाऱ्याला श्रेय देणं बंधनकारक आहे आणि ते श्रेय राहतं कुठे, तर या इतिहासातच. शेवटी एका प्रचालकाने दोन्ही पानांचे इतिहास जोडून दिले. हे इतिहास जोडायचं काम किचकट असतं आणि एकदा चुकलं की निस्तरणं अजून अवघड, त्यामुळे एवढं तरी लक्षात ठेवा.

आधी बघा, तुम्हालाच करता येतंय का

बहुतेक साधी स्थानांतरणं करायला प्रचालक लागतच नाहीत. खातं उघडून ४ दिवस झाले असतील तर तुमच्या खात्याला बहुतेक विकींवर तो अधिकार आपोआप मिळतो, इंग्रजी विकिपीडियावर ४ दिवसांसोबत १० संपादनंही लागतात. खातं न उघडता संपादन करणाऱ्यांना मात्र हे जमत नाही. पानाच्या वरच्या बाजूला 'इतिहास'च्या आसपास जो जास्तीच्या पर्यायांचा मेनू असतो त्यात 'स्थानांतरण' सापडेल. मोबाईलवर ते सहज दिसत नाही, पानाच्या अगदी तळाशी जाऊन डेस्कटॉप दृश्य निवडा म्हणजे मिळेल. मग नवं नाव लिहायचं, कारण लिहायचं आणि चर्चा पानही सोबत न्यायची खूण तशीच ठेवायची. कारणाची जागा रिकामी सोडू नका, ते कायमचं नोंदीत राहतं आणि पाच वर्षांनी कुणी विचारलं की हे का हलवलं, तर उत्तर तिथेच मिळतं.

मग प्रचालक लागतात कधी? मुख्यतः तीन वेळा. एक, नव्या नावाचं पान आधीपासून अस्तित्वात असेल तेव्हा. दोन, पान स्थानांतरणापासून सुरक्षित केलेलं असेल तेव्हा, म्हणजे आधी नावावरून ओढाताण झाल्यामुळे कुलूप लावलेलं. आणि तीन, नावावर मतभेद असतील आणि चर्चा ऐकून कुणीतरी निकाल लावायचा असेल तेव्हा.

यातलं पहिलं जरा नीट समजून घ्या. नव्या नावाला जर नुसतं पुनर्निर्देशन असेल, ते तुमच्याच पानाकडे जात असेल आणि त्याच्या इतिहासात एकच आवृत्ती असेल, म्हणजे ते एकदाच जतन झालेलं असेल, तर सॉफ्टवेअर तुम्हाला त्याच्यावरून पान हलवू देतं, काहीच अडचण नाही. पण त्या पुनर्निर्देशनात कुणी नंतर एखादा वर्ग (सारख्या विषयाची पानं एका यादीत आणणारी खूण) जरी घातला असेल, म्हणजे दोन आवृत्त्या झाल्या, तर मग रस्ता बंद. तिथलं पान आधी वगळावं, म्हणजे काढून टाकावं, लागतं आणि वगळायचा अधिकार फक्त प्रचालकांना. तुम्ही कितीही बरोबर असलात तरी 'या नावाचं पान आधीच आहे' असा संदेश येतो तो यामुळे.

प्रचालक काय बघतात

प्रचालक हे नोकरदार नाहीत, तुमच्या-आमच्यासारखेच हौसेने काम करणारे लोक आहेत, फक्त पान वगळणं, सुरक्षित करणं अशी काही बटणं त्यांच्याकडे जास्तीची असतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, महाराष्ट्र दिनालाच, तेव्हापासून प्रचालक कायम मोजकेच राहिलेत. त्यामुळे तुमची विनंती बघायला त्यांच्याकडे पाचेक मिनिटं आहेत असं धरून चाला.

त्या पाच मिनिटांत पहिली गोष्ट बघितली जाते ती म्हणजे हे काम तांत्रिक आहे की वादाचं. 'पंढरपुर'चं 'पंढरपूर' करायचं असेल तर त्यात चर्चा कसली, पाच मिनिटांचं काम. पण शहराचं बदललेलं नाव, एखाद्या संताच्या नावापुढची उपाधी, जातीशी किंवा राजकारणाशी लागलेलं काही असेल तर प्रचालक थांबतो आणि चर्चेकडे बोट दाखवतो, आणि ते बरोबरच आहे.

दुसरी गोष्ट, स्थानांतरणाची जुनी नोंद. हे पान आधी कितीदा हललंय? 'अ'वरून 'ब', मग परत 'अ', मग परत 'ब' असं दिसलं की शहाणा प्रचालक तुमची विनंती लगेच मान्य करत नाही, आधी मागचं भांडण वाचतो. तुम्हीही विनंती करायच्या आधी ही नोंद बघा, कारण जे आधी चर्चेने ठरलंय तेच परत मागितलं तर नव्याने काही पुरावा आणलाय का एवढंच विचारलं जाणार.

तिसरी गोष्ट, नव्या नावावर काय आहे. तिथे दुसराच पूर्ण लेख असेल आणि विषय एकच असेल तर ते स्थानांतरण नाहीच, ते एकत्रीकरण. दोन्ही लेखांतलं चांगलं एका ठिकाणी आणायचं आणि दुसऱ्याचं पुनर्निर्देशन करायचं. आणि हे मराठीत खूप वेळा होतं, त्याचं एक कारण आपल्या कीबोर्डात आहे.

दिसतं तेच, पण असतं वेगळं

पुरंदर-बारामतीकडून वाहत नीरेला मिळणाऱ्या नदीचं नाव टाइप करून बघा. एकाने लिहिलं कऱ्हा, दुसऱ्याने लिहिलं कर्‍हा. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात ना? पण पहिल्यात 'ऱ' हे वेगळं अक्षर टाइप केलेलं आहे, नुक्त्याचा र, आणि दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्याच्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह आहे. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ही दोन संपूर्ण वेगळी नावं, म्हणून यांची दोन वेगळी पानं होऊ शकतात आणि एका पानावरून दुसऱ्याचा पत्ताच लागत नाही. कऱ्हाड, सातारच्या डोंगरदऱ्या, पायऱ्या, जिथे जिथे हा अर्धा र येतो तिथे हा धोका आहे.

'ॲ'चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं, मराठी विकिपीडिया त्याच्या ५ वर्षं आधीपासून चालू होता, त्यामुळे तेव्हाच्या लोकांनी अ ला चंद्र जोडून काम भागवलं. ॲडलेड, ॲमस्टरडॅम असली नावं म्हणून दोन-तीन तऱ्हेने लिहिलेली सापडतात. आणि विसर्ग! 'निःसंदिग्धीकरण' (एकाच नावाच्या अनेक लेखांची यादी देणारं पान) लिहिताना विसर्गाच्या जागी कोलन मारणारे कमी नाहीत, आणि विकिपीडियाच्या पत्त्यात कोलनचा अर्थ वेगळा असतो, 'सदस्य', 'साचा' (अनेक पानांत वापरायचा तयार तुकडा), 'वर्ग' असली नामविश्वं, म्हणजे पानांचे विभाग, त्यानेच वेगळी होतात.

अशी विनंती करताना "नाव चुकलंय, बरोबर करा" असं लिहिलं तर प्रचालकाला दोन्ही नावं सारखीच दिसणार आणि तो बिचारा गोंधळणार. सरळ लिहा की सध्याच्या नावात न दिसणारं चिन्ह आहे, नवं नाव 'ऱ' वापरून लिहिलेलं आहे, आणि दोन्हींच्या लिंका द्या. लिंक दिली की टाइप करायचा प्रश्नच उरत नाही. आणि अशा वेळी जुन्या अक्षरांचं पुनर्निर्देशन ठेवायलाच सांगा, कारण तसं टाइप करणारे वाचक आजही आहेत.

आणखी एक छोटी गोष्ट, शीर्षकाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-हलन्तसुद्धा वेगळे मोजले जातात, म्हणजे हातात साधारण ८५ चिन्हं. संस्थेचं पूर्ण नोंदणीकृत नाव शीर्षकात बसवायला निघालेल्यांना ही भिंत लागते.

शुद्धलेखनाची विनंती

इथे पुरावा देणं सगळ्यात सोपं. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक नियम आणि त्यात १९७२ ला घातलेली भर, यावर आपलं आजचं प्रमाणलेखन चालतं. गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहायचा, नागपूर, सोलापूर. उच्चारात नसलेला अनुस्वार द्यायचा नाही, म्हणून 'गांव' नाही 'गाव', 'पांच' नाही 'पाच'. व्यक्तीचं नाव शेवटी दीर्घ, म्हणून हरी, विष्णू. विनंतीत नुसतं 'अशुद्ध आहे' न म्हणता यातला नियम सांगितला की काम झटक्यात होतं.

पण सावध, माणूस स्वतःचं नाव कसं लिहितो किंवा लिहायचा याला वजन असतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, अंकाच्या शीर्षकावर जे छापलंय ते नियम दाखवून बदलून मागू नका. वर्तमानपत्र 'केसरी' असो की कुठलं मासिक, त्याचं नाव हे त्याचं नाव.

गावांच्या बाबतीत बुद्रुक आणि खुर्द जपून. 'वडगाव बु.' असं पान दिसलं तर ते 'वडगाव बुद्रुक' करून मागा, कारण बु. आणि खु. ही तलाठ्याच्या दप्तरातली आणि एसटीच्या पाटीवरची लघुरूपं आहेत, बाहेरच्या वाचकाला कळत नाहीत. संक्षिप्त रूपाचं पुनर्निर्देशन मात्र ठेवा.

एकाच नावाची दोन-दोन गावं

कर्जत म्हटलं की मुंबईकराला लोकल आठवते, पण कर्जत तालुका रायगडमध्येही आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. खेड पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरीतही. मालेगाव नाशिकला आणि वाशिमला. सेलू परभणीत आणि वर्ध्यात, आष्टी बीडला आणि वर्ध्याला, कळंब धाराशिवला आणि यवतमाळला. आणि नांदगाव, वडगाव, पिंपळगाव तर विचारूच नका.

नवीन माणूस आपल्या तालुक्याच्या प्रेमापोटी विनंती करतो की 'कर्जत' हे नाव आमच्या पानाला द्या. अशा वेळी प्रचालकाचा प्रश्न एकच असतो, नुसतं 'कर्जत' लिहून शोधणाऱ्या वाचकाला बहुतेक वेळा काय हवं असतं? स्पष्ट उत्तर नसेल तर ते नाव कुणालाच मिळत नाही, तिथे निःसंदिग्धीकरण पान होतं, म्हणजे दोन्ही कर्जतची यादी, आणि दोन्ही लेख कंसात जिल्हा घालून वेगळे राहतात. ही विनंती लिहिताना दुसऱ्या गावाचा उल्लेख तुम्हीच आधी केलात, तर प्रचालकाला लगेच कळतं की हा माणूस फक्त आपल्यापुरतं बघत नाहीये.

सरकारने नाव बदललं की

इथे भावना असतात आणि त्या असायलाच हव्यात. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ चा आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, मधल्या १६ वर्षांत लोकांनी काय काय सोसलं हे माहीत असलेल्या माणसाला 'नावात काय आहे' असं म्हणवणार नाही. म्हणूनच ही विनंती सगळ्यात काळजीने लिहायची.

औरंगाबाद आणि उस्मानाबादचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहरांच्या छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव या नावांना केंद्राची मंजुरी मिळाली. पण जिल्हा, तालुका या महसुली नावांची अंतिम अधिसूचना आली सप्टेंबर २०२३ मध्ये. म्हणजे मधले काही महिने असे होते की शहराच्या पानाला एक न्याय आणि जिल्ह्याच्या पानाला दुसरा. अहमदनगरचं अहिल्यानगर ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं, त्याच्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाची बातमी मात्र मार्चमध्येच आलेली. मंत्रिमंडळाचा ठराव, केंद्राची मंजुरी आणि राजपत्रातली अधिसूचना या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, नेत्याची सभेतली घोषणा तर चौथीच. विनंतीसोबत यातली कुठली आहे ते सांगा. घोषणेची बातमी जोडून पान हलवा म्हणालात तर 'थांबू या' हेच उत्तर येणार.

मग प्रचालक विचारतो जुन्या नावाचं काय करायचं. 'औरंगाबाद' हे नाव बिहारमधल्या जिल्ह्याचंही आहे. मग 'औरंगाबाद' लिहिणाऱ्याला थेट छत्रपती संभाजीनगरला न्यायचं की दोन पर्याय दाखवायचे? हे आधी ठरवून विनंतीत लिहा. आणि सांगकाम्याने म्हणजे बॉटने सगळीकडे सरसकट शब्द बदलून टाका अशी मागणी करू नका, बिहारच्या लेखातलं औरंगाबादही बदलेल, जुन्या पुस्तकांच्या नावातलं बदलेल, अवतरणातलंही बदलेल. मुंबईचं नाव इंग्रजीत १९९५ साली बदललं, पण उच्च न्यायालयाचं इंग्रजी नाव बॉम्बे हायकोर्टच राहिलं आणि आयआयटीही आयआयटी बॉम्बेच. शहराचं नाव बदललं म्हणून त्यातल्या प्रत्येक संस्थेचं बदलत नाही, प्रत्येक पानाची विनंती वेगळी आणि पुरावाही वेगळा.

दुसऱ्या भाषांत हे कसं चालतं ते बघणं उपयोगाचं आहे. इंग्रजी विकिपीडियात सरकारी हुकमापेक्षा इंग्रजी लिखाणात रुळलेलं नाव मोठं मानतात. युक्रेनने १९९५ मध्येच राजधानीचं रोमन स्पेलिंग क्यीव असं ठरवलं होतं, पण तिथलं पान 'कीव'वरून 'क्यीव'वर गेलं सप्टेंबर २०२० मध्ये, मोठ्या वृत्तसंस्थांनी आपलं स्पेलिंग बदलल्यानंतर. आणि दह्याच्या, योगर्टच्या, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच हवा की नको यावर तिथे वर्षानुवर्षं चर्चा चालली, शेवटी २०११ ला एच गेला. तिथे अशी चर्चा साधारण ७ दिवस उघडी ठेवतात आणि मग चर्चेत न पडलेला कुणीतरी तिचा निकाल लिहितो. निकाल देताना हात मोजत नाहीत, मुद्दे मोजतात. आपल्याकडेही कुठल्याही वादाच्या चर्चेत 'पाठिंबा' 'पाठिंबा' अशा वीस ओळी जमवण्यापेक्षा एक पुरावा जास्त कामाला येतो, मित्रांना फोन करून मतं द्यायला आणणं तर उलट अंगावर येतं.

उपाध्या आणि आदर

हा प्रश्न सगळ्यात हळवा. "इंग्रजी विकिपीडियावर महाराजांचं नाव नुसतं 'शिवाजी' लिहिलंय, मराठी प्रचालकांनी ते बदलावं" ही मागणी सतत येते. रागामागचं प्रेम खरं आहे, मला ते कळतं, मराठी माणसाला ते एकेरी नाव टोचणारच. पण दोन गोष्टी समजून घ्या. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया स्वतंत्र आहे, त्याचे सदस्य वेगळे, प्रचालक वेगळे, नियम वेगळे, मराठीचा प्रचालक इंग्रजीच्या पानाला हात लावू शकत नाही. आणि इंग्रजीत शीर्षकात आदरार्थी उपाध्या न घालण्याचा नियम सगळ्यांना सारखाच लावतात. तिथे बोलायचं असेल तर तिथल्या चर्चा पानावर, तिथले नियम वाचून, इंग्रजीतच बोलावं लागेल.

मराठीतला निकष वेगळा, इथे बघायचं की मराठी वाचक, मराठी पुस्तकं त्या व्यक्तीला कुठल्या नावाने ओळखतात. तुकाराम म्हणजे 'संत तुकाराम' की 'तुकाराम', यावर चर्चा होऊ शकते. पण हयात व्यक्तीच्या शीर्षकात श्री, डॉ., माननीय, युवा नेते असलं काही घालायची विनंती करू नका, ती मान्य होत नाही आणि व्हायलाही नको. लेखकांच्या बाबतीत टोपणनाव की मूळ नाव हा प्रश्न येतो. कुसुमाग्रज शोधणारा आणि विष्णू वामन शिरवाडकर शोधणारा, दोघेही एकाच पानावर पोचले पाहिजेत, मग शीर्षक कुठलंही ठेवा, दुसऱ्याचं पुनर्निर्देशन हवंच. 'पु.ल.' आणि 'पु. ल.' यात मधली एक मोकळी जागासुद्धा वेगळा पत्ता करते, तेव्हा दोन्ही करून ठेवा.

विनंती अशी लिहा

आधी लेखाच्या चर्चा पानावर, नवा विभाग काढून. वादाचं नसेल आणि नुसती तांत्रिक अडचण असेल तर प्रचालकांना निवेदन द्यायचं जे पान आहे तिथे. मोठा विषय असेल, दहा-वीस पानांना लागू होणारा, तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर. एकच विनंती चार ठिकाणी टाकू नका, चर्चा तुटते, बाकीच्या ठिकाणी फक्त लिंक द्या. साधारण असं:

"नमस्कार. 'वडगांव बु.' हे पान 'वडगाव बुद्रुक' येथे हलवावे ही विनंती. कारण, उच्चारात नसलेला अनुस्वार प्रमाणलेखनात देत नाहीत आणि बु. हे लघुरूप आहे, जनगणनेच्या यादीत पूर्ण नाव आहे (लिंक). नव्या नावावर सध्या पुनर्निर्देशन आहे, त्याच्या दोन आवृत्त्या असल्यामुळे मला हलवता येत नाही. जुन्या नावाचे पुनर्निर्देशन ठेवावे. येथे जोडलेले साचे मी दुरुस्त करेन."

आणि खाली सही, चार टिल्डे (~~~~). शेवटचं वाक्य वाचून प्रचालकाला किती बरं वाटतं ते सांगता येणार नाही, कारण पान हलवणं एका मिनिटाचं काम असतं, वेळ जातो तो नंतरच्या आवराआवरीत.

पान हललं, पुढे काय

पहिलं काम दुहेरी पुनर्निर्देशनं. जुनं नाव 'क' 'ख'कडे जात होतं आणि आता 'ख' 'ग'कडे जातंय, तर सॉफ्टवेअर एकच उडी मारतं, दुसरी नाही, वाचक मध्येच 'ख'च्या पाटीवर अडकतो. 'येथे काय जोडले आहे' ही यादी उघडून अशी सगळी पुनर्निर्देशनं थेट 'ग'कडे वळवा, बऱ्याचदा सांगकाम्या हे करतो पण त्याची वाट कशाला बघायची. मग लेखाचं पहिलं वाक्य, माहितीचौकटीतलं (लेखाच्या बाजूच्या तक्त्यातलं) नाव, आणि तळाशी जो तालुक्यातल्या गावांचा पट्टा असतो त्या साच्यातली लिंक बदला. विकिडेटावरची (सगळ्या भाषांतली पानं एकमेकांना जोडणाऱ्या सामायिक माहितीसाठ्यातली) जोडणी खात्यातून हलवलं असेल तर आपोआप नवीन नावावर जाते, पण तिथलं मराठी लेबल आपोआप बदलत नाही, ते हाताने बदलावं लागतं. नाहीतर लेबल उचलणारी सगळी ठिकाणं जुनंच नाव दाखवत राहतात.

वर्गाचं नाव बदलायचं असेल तर मात्र हिशेब वेगळा, वर्गाचं पान हललं तरी त्यातले लेख जागचे हलत नाहीत, प्रत्येक लेखात जाऊन वर्ग बदलायला लागतो, मोठा वर्ग असेल तर सांगकाम्या चालवणाऱ्याला सांगा. आणि तुमचं स्वतःचं सदस्यनाव बदलायचं असेल तर ते मराठी विकिपीडियाच्या प्रचालकांच्या हातात नाही, २०१५ पासून सगळ्या विकींवर मिळून एकच खातं असतं आणि त्याची विनंती मेटा-विकीवर, म्हणजे सगळ्या विकींच्या सामायिक कामकाजाच्या विकीवर, करावी लागते. सदस्य पान नुसतं हलवून नाव बदलत नाही, नवे लोक हे करून बसतात आणि मग सगळं परत फिरवावं लागतं.

नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर

नकार आला तर कारण विचारा, मनावर घेऊ नका, आणि स्वतः परत हलवायचा प्रयत्न अजिबात करू नका, कारण दोन-तीनदा इकडून तिकडे झालं की पानाला कुलूप लागतं आणि ते बहुतेक वेळा चुकीच्या नावावरच लागतं असं प्रत्येक बाजूला वाटतं. नवा पुरावा मिळाला की परत या.

उत्तर आलं नाही तर साधारण आठवडा थांबा, मग एखाद्या प्रचालकाच्या चर्चा पानावर दोन ओळींत आठवण करून द्या. मधल्या काळात वाचकाची सोय तुम्हीच करून ठेवू शकता, बरोबर नावाचं पुनर्निर्देशन सध्याच्या पानाकडे काढून ठेवा, म्हणजे योग्य नाव शोधणारा निदान पानापर्यंत पोचेल. फक्त ते एकदाच जतन करा आणि नंतर त्यात वर्ग, साचा काहीही घालू नका. त्याची आवृत्ती एकच राहिली तर उद्या चर्चा संपल्यावर पान तिथे हलवायला प्रचालकसुद्धा लागणार नाही.